कोटिंगनंतर सकाळी बसणारा साका: पेशीपटलात गुंडाळलेल्या झिंक कणांचं समस्या निवारण

कर्कपेशींपर्यंत झिंक नेण्यासाठी बनवलेले झिफ-८ चे (झिंक आणि २-मिथाइलइमिडॅझोल यांच्या स्फटिकाचे) नॅनोकण व्यवस्थित तयार झालेले असतात. तांबड्या रक्तपेशींच्या पटलात ते गुंडाळलेही जातात. संध्याकाळी डीएलएसवर (कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) १२० नॅनोमीटरच्या आसपास एकच शिखर दिसतं आणि झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) धनाचं ऋण झालेलं असतं. रात्रभर नळी ४ अंशांवर राहते आणि सकाळी तळाला पांढरा साका बसलेला असतो. हलवून तसंच कर्कपेशींवर टाकलं तर परिणाम जवळपास शून्य. मग रक्तदाता बदलून पाहिला जातो, एक्स्ट्रूडरच्या (बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून द्रावण ढकलणाऱ्या उपकरणाच्या) नावाने बोटं मोडली जातात, सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणं, दोनाचं पाच मिनिटं होतं. पुढच्या बॅचला पुन्हा तोच साका.

यात पटलाचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो पटल ज्या द्रावणातून येतं त्या द्रावणाचा. तांबड्या पेशींचं पटल नॅनोकणांवर चढवण्याची पद्धत २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आली. तिथे गाभा पीएलजीएचा, म्हणजे पॉलिमरचा होता. पॉलिमरला पीबीएसचं (फॉस्फेट असलेल्या खारट बफरचं) काही वावडं नाही, त्यामुळे धुण्यापासून साठवणीपर्यंत सगळं पीबीएसमध्ये चालून गेलं. धातूच्या आयनांचा गाभा वापरायला लागल्यावर गाभा बदलला, पण कृती तीच राहिली. झिंकला धरून ठेवणारे किंवा त्याचा अविद्राव्य क्षार करणारे घटक त्या कृतीत जागोजागी आहेत.

आधी पटलाला यातून बाजूला काढा

कोटिंग न केलेला नुसता गाभा घ्या. प्रत्येकी १ मिलिग्रॅम, १ मिलिलिटर द्रावणात: एका नळीत पीबीएस, दुसरीत तुमचा लायसिस बफर (तांबड्या पेशी फोडण्याचा) जसा वापरता तसाच, तिसरीत १० टक्के सुक्रोज आणि ५ मिलिमोलर हेपिस (फॉस्फेट नसलेला बफर), पीएच ७.४. रात्रभर ४ अंशांवर ठेवा. सकाळी सेंट्रिफ्यूज करा, साका वाळवून एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) घ्या आणि निवळीतलं एकूण झिंक आयसीपीवर (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.

साक्यात ४२१ प्रति सेंटीमीटरचा झिंक-नायट्रोजन पट्टा गेला असेल आणि १००० ते ११०० च्या दरम्यान रुंद पट्टा उगवला असेल, तर गाभ्याचं झिंक फॉस्फेट झालं आहे. अशा वेळी निवळीत झिंक फारसं सापडत नाही. ते तळाशीच असतं, फक्त आता त्याचा औषध म्हणून उपयोग नसतो. याउलट साका कमी आणि निवळीत झिंक भरपूर असेल, तर कुणीतरी ते पकडून द्रावणात नेलं आहे. तो बहुतेक ईडीटीए किंवा सायट्रेट असतो; रक्त गोठू नये म्हणून वापरली जाणारी ही दोन्ही रसायनं धातूचे आयन पकडून ठेवतात. एक्सआरडीची (क्ष-किरण विवर्तनाची) सोय असेल तर ७.३ अंशांवरचं झिफ-८ चं शिखर पाहा, ते गेलं म्हणजे स्फटिक गेला. ही चाचणी गुंडाळलेल्या कणांवर करू नका. पटलातल्या फॉस्फोलिपिडचा पट्टाही त्याच भागात येतो आणि नको तो निष्कर्ष निघतो.

आयसीपीसाठी नमुना बाहेर, समजा पवईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्राकडे, पाठवायचा असेल तर निवळ वेगळी केल्या केल्या २ टक्के नायट्रिक आम्लात घ्या. नंबर लागेपर्यंत साधी निवळ पडून राहिली तर झिंक नळीच्या भिंतीला चिकटतं. कोरी नळी, कोरं पाणी आणि कोरा बफर यांचेही नमुने पाठवा. लॅटेक्सच्या हातमोज्यांमध्ये झिंक ऑक्साइड असतं, त्यामुळे कोऱ्या नमुन्यात झिंक दिसलं तर आधी हातमोजे बदला.

घरच्या घरी पाहायचं तर झिंकॉन रंगद्रव्य, पीएच ९ चा बोरेट बफर आणि ६२० नॅनोमीटरवर वाचन पुरतं. त्यात एक खोच आहे. ईडीटीएने धरलेलं झिंक झिंकॉनला दिसत नाही. त्यामुळे गळती जितकी ईडीटीएमुळे, तितका आकडा छान दिसतो.

फॉस्फेटचा हिशोब

झिफ-८ मध्ये वजनाने सुमारे २८.७ टक्के झिंक असतं. म्हणजे १ मिलिग्रॅम कणांत ४.४ मायक्रोमोल. नेहमीच्या पीबीएसमध्ये फॉस्फेट १० मिलिमोलर, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मायक्रोमोल. झिंक फॉस्फेट व्हायला तीन झिंकमागे दोन फॉस्फेट लागतात, तेव्हा तुमच्या १ मिलिग्रॅमला २.९ मायक्रोमोल पुरेत. एका मिलिलिटर पीबीएसमध्ये ३ मिलिग्रॅम कणांचा निकाल लावण्याइतकं फॉस्फेट आहे. ‘शेवटी फक्त एकदा पीबीएसने धुतलं’ हे म्हणूनच निरुपद्रवी नसतं.

पटल असताना हे हळू होतं, थांबत नाही. फॉस्फेट आत जायला फट लागते, आणि फटी असतातच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गुंडाळलेल्या कणांपैकी ९० टक्क्यांपर्यंत कण अर्धवटच झाकलेले आढळले होते. ऋण झीटा पोटेन्शियल म्हणजे पूर्ण कोटिंग, असं समजू नये.

ईडीटीए नेमका कुठून येतो

जांभळ्या झाकणाच्या नळीवर पहिला आळ येतो. त्या नळीत रक्ताच्या दर मिलिलिटरला सुमारे १.८ मिलिग्रॅम ईडीटीए क्षार असतो, म्हणजे साधारण ४.५ मायक्रोमोल. १ मिलिग्रॅम झिफमधल्या झिंकएवढाच. आकडा धडकी भरवतो, पण दहापट पातळ करत तीन वेळा धुतलं की तो हजारावा हिस्सा उरतो. नळी हिरव्या झाकणाची, हेपरिनची घेतलेली बरी, पण खरा चोर दुसरीकडे असतो. लायसिस बफरमध्ये सवयीने टाकलेला १ मिलिमोलर ईडीटीए आणि प्रोटिएज इनहिबिटरची (प्रथिनं तोडणारी विकरं थोपवणारी) गोळी या त्या दोन जागा. गोळीचा डबा नीट वाचा, ईडीटीए नसलेला प्रकार वेगळा मिळतो. शेवटच्या साक्यासोबत १ मिलिलिटर असा बफर राहून गेला, तर १ मायक्रोमोल झिंक, म्हणजे गाभ्याचा जवळपास चौथा हिस्सा निघून जातो. रक्तपेढीच्या पिशवीतलं रक्त असेल तर त्यात सायट्रेट असतं, तेही तितकंच धुवावं लागतं.

साका किती वेळात बसतो, ते पाहा

मिसळल्या मिसळल्या, मिनिटाभरात गुठळ्या दिसल्या तर फॉस्फेटच्या मागे लागू नका. तो प्रश्न भाराचा आहे. पाण्यात झिफ-८ धनभारित असतं आणि पटल सियालिक आम्लामुळे ऋणभारित. कणांच्या भांड्यात थेंब थेंब पटल ओतलं की वाटेत एक क्षण असा येतो जेव्हा कण अर्धेमुर्धे झाकलेले आणि एकूण भार शून्याजवळ असतो. तिथे ते एकमेकांना चिकटतात आणि पुढे कितीही सोनिकेट केलं तरी सुटत नाहीत. क्रम उलटा करा: पटल भांड्यात, ढवळणं चालू, आणि कण त्यात. पटल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जास्तच राहिलं पाहिजे.

किती जास्त? रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, प्रत्येकीचं पृष्ठफळ सुमारे १३५ ते १४० चौरस मायक्रोमीटर. सगळं मिळून ०.७ चौरस मीटर पटल आणि त्यासोबत ३ मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन. १०० नॅनोमीटरच्या झिफ कणांचं १ मिलिग्रॅममागे पृष्ठफळ होतं ०.०६ चौरस मीटरच्या थोडं वर. कागदावर १ मिलिलिटर रक्त ११ मिलिग्रॅम कणांना पुरतं. प्रत्यक्षात धुण्यात आणि एक्स्ट्रूडरमध्ये बरंच पटल जातं आणि वर जादाही हवं असतं, म्हणून १ मिलिलिटर रक्तामागे १ ते २ मिलिग्रॅम कण धरावेत. प्रथिन मोजून चालत असाल तर कणांच्या दुप्पट वजनाच्या प्रथिनापासून सुरुवात करा. कणांचा आकार ५० नॅनोमीटर असेल तर पृष्ठफळ दुप्पट होतं, हे विसरून तेच प्रमाण ठेवणं ही फार नेहमीची चूक.

साका एक-दोन तासांत, हळूहळू वाढत गेला तर मोकळं झिंक पाहा. संश्लेषणातून उरलेलं, न धुतलेलं झिंक दोन पटलांच्या ऋण टोकांना एकत्र बांधतं. कॅल्शियमही हेच करतं. नुसत्या गाभ्याची निवळ झिंकॉनला रंग देईनाशी होईपर्यंत धुवा आणि मगच पटलाकडे न्या. रात्रभरात बसणारा साका मात्र वर सांगितलेल्या फॉस्फेटचाच.

बदललेली कृती

हेपरिनच्या नळीतलं २ मिलिलिटर रक्त ४ अंशांवर, ८०० जी ला १० मिनिटं फिरवा. प्लाझ्मा आणि त्याखालचा पांढुरका थर पूर्ण काढा. तो थर काढताना थोड्या तांबड्या पेशी गेल्या तरी चालतील, पांढऱ्या पेशी राहिल्या तर त्यांचे प्रोटिएज पटल खातात. उरलेल्या पेशी ०.९ टक्के सलाइनमध्ये १० मिलिमोलर हेपिस घालून, पीएच ७.४, तीनदा धुवा. इथे पीबीएस नाही.

पेशींच्या २० पट आकारमानाचा थंड ५ मिलिमोलर हेपिस, पीएच ७.४, ओता आणि बर्फात २० मिनिटं ठेवा. मग २०,००० जी ला १५ मिनिटं. निवळ लाल असेल, तळाचा साका गुलाबी आणि सैल असतो, तो पिपेटने हलकेच सांभाळा. निवळ रंगहीन होईपर्यंत पुन्हा करा, बहुधा चार-पाच फेऱ्या लागतात. साक्याच्या खाली एक घट्ट, लालसर ठिपका दिसतो. त्यात न फुटलेल्या पेशी आणि प्रोटिएज असतात, नळी तिरकी करून वरचा सैल भाग तेवढा घ्या, ठिपका मागे सोडा.

जी (गुरुत्वाच्या किती पट बल) आणि आरपीएम (मिनिटाला किती फेरे) यांची गल्लत इथे बॅच घालवते. आरसीएफ (म्हणजे जी चा आकडा) = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या सेंटीमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. ८.४ सेंटीमीटरच्या रोटरला १५,००० आरपीएम म्हणजे सुमारे २१,१०० जी. दुसऱ्या रोटरला तेच आरपीएम लावलं की घोस्ट, म्हणजे हिमोग्लोबिन काढलेली रिकामी पटलं, निवळीसोबत बेसिनमध्ये जातात.

गाभा मेथॅनॉलमध्येच साठवलेला असावा. कोटिंगच्या दिवशी त्यातला १ मिलिग्रॅम घेऊन सुक्रोज-हेपिसने दोनदा धुवा, कारण उरलेलं मेथॅनॉल पटल बिघडवतं. २ मिलिग्रॅम प्रथिनाएवढं पटल १ मिलिलिटर सुक्रोज-हेपिसमध्ये घ्या, बर्फाच्या पाण्यात ठेवून बाथ सोनिकेटरमध्ये २ मिनिटं द्या, मग ढवळत त्यात गाभा सोडा. ४०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून ११ वेळा, नंतर २०० मधून ११ वेळा. आकडा विषम हवा, म्हणजे शेवटचं द्रावण समोरच्या सिरिंजमध्ये निघतं आणि न गाळलेलं मागे राहतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच सिरिंज जड लागली तर जोर लावू नका. गुठळ्या आधीच झालेल्या आहेत, वर भाराबद्दल लिहिलेलं पाहा.

तयार माल त्याच दिवशी वापरा. साठवायचंच असेल तर गाभा मेथॅनॉलमध्ये वेगळा, घोस्ट उणे ८० वर वेगळे. गुंडाळलेले कण मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमइतके पातळ करून ठेवू नका. पाण्याच्या मानाने कण कमी असले की झिफ साध्या पाण्यातही विरघळत जातं.

मुंबईची हवा

झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट हवेतलं पाणी ओढून पाणावतं. जुलैत एसी बंद असलेल्या खोलीत बाटली दहा मिनिटं उघडी राहिली की खडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि त्यानंतरचं प्रत्येक वजन खोटं. ३०० मिलिग्रॅम झिंक नायट्रेटला ६६० मिलिग्रॅम २-मिथाइलइमिडॅझोल म्हणजे १ ला ८ चं प्रमाण. क्षारात दहा टक्के पाणी शिरलं तर ते १ ला ९ कडे सरकतं आणि कण ठरल्यापेक्षा लहान येतात. मग पटल कमी पडतं, आणि दोष पुन्हा पटलाला. उपाय साधा आहे: मेथॅनॉलमध्ये झिंकचं एकच मोठं स्टॉक करा, त्यातला ठरावीक भाग पाण्यात घेऊन पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून ईडीटीएने टायट्रेट करा आणि बाटलीवर वजनाऐवजी टायट्रेशनचा आकडा लिहा. प्रिन्सेस स्ट्रीटवरून रसायन आणलं तर लहान पॅक घ्या. मोठी बाटली पावसाळाभर उघडझाक करण्यात काटकसर नाही.

दुसरं, पीएच. खोलीत ३० अंश असताना ट्रिस बफर ७.४ ला लावला आणि बर्फात नेला, तर ४ अंशांवर तो ८.१ च्या घरात जातो. हेपिस ७.८ च्या आतच राहतो. बफर ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला लावा.

आणि रक्ताचा प्रवास. परळहून पवईला रक्त नेताना नळ्या बर्फाला थेट टेकल्या तर पेशी वाटेतच फुटतात. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राची घडी, त्यावर उभ्या नळ्या. लोकलच्या गर्दीत डबा आडवा होणार नाही एवढं पाहा. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर ते रक्त लोहाचा गाभा असलेल्या कणांच्या कामाला घेऊ नये.

गाभा झिंकचा नसेल तर

लोहाच्या बाबतीत घोस्टचा गुलाबीपणा जास्त महाग पडतो. १ मिलिग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.५ मायक्रोग्रॅम लोह असतं, आयसीपी ते तुमच्या गाभ्याच्या खात्यावर जमा करतं. रिकाम्या घोस्टचं लोह वेगळं मोजून वजा करा. त्याहून वाईट म्हणजे हिमोग्लोबिनसोबत कॅटलेज मागे राहतं. लोहाने पेशी मारल्या जातात त्या फेंटन अभिक्रियेला हायड्रोजन पेरॉक्साइड हवं आणि तुम्ही नेलेलं पटलच ते फोडतं. घोस्टचा एक थेंब ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये टाकून पाहा. जोरात फेस आला तर अजून धुणं बाकी आहे.

मँगनीज डायऑक्साइडला हेपिस नको, मेस हा बफर तर नकोच. दोन्ही त्याचं क्षपण करून मँगनीज आधीच मोकळं करतात. तिथे नुसतं सुक्रोज वापरा. ग्लुकोज क्षपणकारक साखर आहे, तीही टाळा. मँगनीजचं फेंटनसारखं काम बायकार्बोनेट असेल तरच नीट होतं, त्यामुळे नुसत्या पाण्यातल्या चाचणीत रंग आला नाही म्हणून कण फेकून देऊ नका.

तांब्याला ट्रिस चिकटतो, तेव्हा ट्रिस बाद. प्रथिन मोजण्याची बीसीए चाचणी मुळात तांब्यावर चालते, म्हणून प्रथिन कोटिंगच्या आधी मोजा. आणि २०२२ मध्ये वर्णन झालेला कप्रोप्टोसिस (तांब्यामुळे होणारा पेशीमृत्यू) पाहायचा असेल तर पेशी मायटोकॉन्ड्रियावर जगत असल्या पाहिजेत. भरपूर ग्लुकोजच्या माध्यमात त्या तांब्याला फारशी दाद देत नाहीत. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज देऊन बघा.

पेशींच्या प्लेटवर

कण शाबूत असूनही परिणाम दिसत नसेल तर माध्यमाची बाटली वाचा. आरपीएमआय १६४० मध्ये फॉस्फेट सुमारे ५.६ मिलिमोलर, डीएमईएममध्ये ०.९. एकाच कणांचे दोन माध्यमांतले निकाल म्हणूनच जुळत नाहीत. सीरममधलं अल्ब्युमिन झिंक धरतं, तेव्हा १० टक्के सीरममध्ये लिहिलेली मात्रा आणि पेशीला मिळालेली मात्रा वेगळी असते. पेरॉक्साइडवर चालणारे प्रयोग असतील तर पायरुव्हेट नसलेलं माध्यम घ्या, कारण पायरुव्हेट पेरॉक्साइड संपवतं.

प्रत्येक प्लेटवर चार रकाने ठेवाच: तेवढंच झिंक असलेलं झिंक क्लोराइड, नुसता गाभा, रिकामे घोस्ट, आणि कणांसोबत टीपेन (झिंक पकडणारं रसायन). टीपेनने पेशी वाचल्या तर मारलं ते झिंकनेच. लोहासाठी त्या जागी डिफेरॉक्सामिन, तांब्यासाठी टेट्राथायोमॉलिब्डेट. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याचा निकाल कोटिंग केलेल्या कणांसारखाच आला तर पटलाने काहीच साधलेलं नाही, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं (टीईएमचं) चित्र कितीही सुंदर असो.

‘मला खाऊ नको’ हा पटलावरच्या सीडी४७ या प्रथिनाचा भक्षक पेशींना संदेश हे तांबड्या पेशींचं पटल निवडण्याचं मोठं कारण. पण माणसाचं सीडी४७ उंदरांच्या बहुतेक जातींच्या ग्राहीला नीट ओळखू येत नाही, एनओडी जात हा अपवाद. म्हणून उंदरावरच्या प्रयोगाला उंदराचंच रक्त घ्या, नाहीतर कण यकृतात आणि प्लीहेत गेले म्हणून पुन्हा कोटिंगवर संशय येतो. माणसाचं रक्त घेण्याआधी संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते आणि दात्याची लेखी संमती. रक्त लागलेल्या प्लास्टिकच्या नळ्या आणि टिप्स लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. झिंक आणि मेथॅनॉलचा कचरा मात्र वेगळ्या रसायनाच्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये नाही.